पंधरा वर्षांच्या खंडाचा जाब कोण विचारणार? संरक्षणविषयक संसदीय समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

आपल्या देशाकडे आज एकही आण्विक हल्लेखोर पाणबुडी, म्हणजे अणुभट्टीवर चालणारी आणि शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढणारी पाणबुडी, नाही. रशियाकडून भाड्यानं घेतलेली आयएनएस चक्र 2021 मध्ये परत गेली. देशात बांधली जाणारी अशी पहिली पाणबुडी 2036-37 मध्ये मिळेल आणि दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी, असं नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी डिसेंबर 2024 मध्ये पत्रकारांना सांगितलं. मधली वर्षं मोजली तर पंधरा होतात. एवढ्या मोठ्या खंडाबद्दल कुणी कुणाला जाब विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. जाब विचारणं हे ज्यांचं काम, त्या आपल्या समितीतल्या 31 सदस्यांना म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितोय, कारण बंद पाकिटातल्या अर्जाचं पुढं काय होतं हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असतं.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. त्याआधी मी नौदलाच्या पाणबुडी शाखेत मेकॅनिक होतो, विशाखापट्टणमला, सिंधुघोष वर्गातल्या डिझेल पाणबुडीवर. आता थोरल्या भावाचा मुलगा त्याच शाखेत आहे, आणि तो ज्या पाणबुडीवर आहे ती त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे. या वर्गातल्या दहा पाणबुड्या 1986 ते 2000 या काळात आल्या. त्यातली सिंधुरक्षक 14 ऑगस्ट 2013 ला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन बुडाली, 18 जण गेले. नवी पाणबुडी लांबली की तिचा भार या जुन्यांवर पडतो, आणि त्या जुन्यांत आमच्या घरचा पोरगा झोपतो.

बेळगावात फौज म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. जंगी पलटणीचं नाव इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं, गल्लीगल्लीत कुणीतरी निवृत्त सुभेदार असतो. समुद्र मात्र घाटाखाली राहिला. मी सुट्टीवर आलो की म्हातारी माणसं विचारायची, "तुझी पलटण कुठली?" पाणबुडी म्हणालो की पुढचा प्रश्न ठरलेला, "आत हवा कुठनं येते रे?" दिल्लीतल्या चर्चांमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळं प्रकरण मात्र त्यावरच उभं आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

डिझेल पाणबुडीला हवा वरूनच घ्यावी लागते. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरत आली की पृष्ठभागाजवळ यायचं, स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची, डिझेल इंजिनं सुरू करायची आणि बॅटरी भरून घ्यायची. तेवढा वेळ इंजिनांचा आवाज असतो, धूर असतो, आणि वर आलेली नळी शत्रूच्या विमानातल्या रडारला दिसू शकते. बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा तो वेगळाच. दबक्या चालीनं गेलं तर एकदा भरलेली बॅटरी काही दिवस पुरते. पूर्ण वेग दिला तर तासाभरात संपते. त्यामुळं डिझेल पाणबुडीचा कॅप्टन शत्रूच्या आधी स्वतःच्या बॅटरीचा हिशेब करतो.

अणुभट्टीला हवा लागत नाही. भट्टीतलं दाबाखालचं तापलेलं पाणी दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, वाफेवर टर्बाइन फिरतं, त्यावर पाणबुडी पुढं ढकलणारा पंखा आणि वीज. वीज मुबलक असली की समुद्राच्याच पाण्यापासून प्यायचं पाणी करता येतं आणि त्यातूनच ऑक्सिजनही काढता येतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुडीत भरलेलं इंधन तिच्या साऱ्या आयुष्याला, म्हणजे 33 वर्षांना पुरतं. फ्रान्सची सुफ्रॉं कमी समृद्ध युरेनियमवर चालते, तिला साधारण दहा वर्षांनी इंधन बदलावं लागतं. दोन्हींची गस्त संपते ती कोठीतलं रेशन संपलं म्हणून. जगातली पहिली अणुपाणबुडी नॉटिलस अणुशक्तीवर पहिल्यांदा निघाली ती तारीख आम्हा सीमाभागातल्यांच्या लक्षात राहण्यासारखी आहे: 17 जानेवारी 1955. (आमचा हुतात्मा दिन बरोब्बर पुढच्या वर्षीचा.)

आता अंतराचा हिशेब करू. विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे 1200 किलोमीटर. 25 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर वेगानं अणुपाणबुडी चोवीस तासांत 1100 किलोमीटर जाते, सगळा वेळ पाण्याखाली राहून. बॅटरीवर 5 नॉटनं निघालेली डिझेल पाणबुडी तिथं पोहोचायला पाच दिवसांहून जास्त घेते, आणि वाटेत नळी वर काढणं चुकत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडून काही आलं तर त्याच्या मागं कोण धावणार, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. 2014 मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोच्या बंदराला लागली होती. ती डिझेलची होती. चीनकडं दुसऱ्या प्रकारच्याही आहेत.

एक अणुपाणबुडी काय करू शकते ते 1982 मध्ये दिसलं. फॉकलंडच्या लढाईत ब्रिटनच्या काँकररनं अर्जेंटिनाच्या जनरल बेलग्रानो या क्रूझरचा दिवसभराहून जास्त काळ पाठलाग केला आणि 2 मे रोजी तिला टॉर्पेडोनं बुडवलं. 323 माणसं गेली, त्याचा आनंद कुणी मानू नये. पण नंतर अर्जेंटिनाचं आरमार विमानवाहू नौकेसकट किनाऱ्याकडं परतलं आणि लढाई संपेपर्यंत बाहेर पडलं नाही.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो इथल्या व्याख्यानमालांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडं ऐकू येतो. "आपल्याकडं अरिहंत आहे की!" अरिहंत ही आपली अणुपाणबुडी आहे, 2016 पासून आहे, ऑगस्ट 2024 मध्ये अरिघातही आली, आणि त्या बांधणाऱ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्या पोटात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं असतात. त्यांनी कुणाच्याही वाटेला न जाता लपून राहायचं, म्हणजे आपल्यावर अणुहल्ला करणाऱ्याला प्रत्युत्तराची धास्ती राहते. हल्लेखोर पाणबुडीचं काम अगदी वेगळं. तिनं शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या, त्यांच्या मागावर राहायचं, विमानवाहू नौकेच्या पुढं चालायचं, आणि अरिहंतसारखी पाणबुडी गस्तीला निघाली की तिच्या मागं कुणी लागलेलं नाही ना हे पाहायचं. नौदलात एकीला एसएसबीएन म्हणतात, दुसरीला एसएसएन. पहिलीच्या राखणीला दुसरी लागते, आणि ती आपल्याकडं नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार खंडाची. हा खंड पहिल्यांदा पडलेला नाही, तिसऱ्यांदा पडतोय. पहिली चक्र सोव्हिएत रशियाकडून 1988 मध्ये आली, जानेवारी 1991 मध्ये गेली. तिच्यावर आपली माणसं अणुपाणबुडी चालवायला शिकली. दुसरी चक्र आली ती 4 एप्रिल 2012 ला. एकवीस वर्षांत शिकलेल्यांपैकी बहुतेक निवृत्त झाले असणार, नव्यांना पुन्हा मुळापासून सुरुवात. बांधणीतही तेच. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीकडून तंत्र घेऊन माझगाव गोदीनं शल्की 1992 मध्ये आणि शंकुल 1994 मध्ये नौदलाला बांधून दिली. त्या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचारच सोडून दिला गेला. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण पाणबुडीच्या कवचाला जोड देणाऱ्या वेल्डरांनी काय केलं होतं? जर्मनांकडून शिकून आलेले हात रिकामे बसले. गोदीतून पुढची पाणबुडी, कलवरी, नौदलात दाखल झाली डिसेंबर 2017 मध्ये. तेवीस वर्षं.

तालीम पंधरा वर्षं बंद ठेवायची आणि सोळाव्या वर्षी मैदानात पैलवान मागायचा, तसा हा प्रकार आहे.

हे आपल्यालाच भोगावं लागलं असं नाही. ब्रिटननं व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्या बांधल्यावर मध्ये खंड पडू दिला. अनुभवी माणसं पांगली, आणि पुढचा ॲस्ट्यूट वर्ग इतका रखडला की शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट या कारखान्याची मदत घ्यावी लागली. ज्या देशाकडं 1960 च्या दशकापासून अणुपाणबुड्या आहेत त्याची ही गत. आपण तर अजून पहिलीच एसएसएन बांधतोय.

दुसरी तक्रार आकड्यांची. 1999 मध्ये सरकारनं तीस वर्षांत 24 पाणबुड्यांची योजना मंजूर केली. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यात सहा एसएसएन बांधायचं ठरलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं गेली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं मान्यता दिली ती दोनच पाणबुड्यांना. खर्च सुमारे 40,000 कोटी असल्याच्या बातम्या आल्या. उरलेल्या चार कधी? दोन बांधून कामगार पुन्हा घरी पाठवायचे का? वाट पाहणं सीमाभागातल्या माणसाला नवीन नाही, आमचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण निकालाला उशीर झाला म्हणून समुद्रात कुणी बुडत नाही. पाणबुडीला उशीर झाला तर बुडू शकतं.

भाड्याच्या पाणबुडीबद्दल थोडक्यात. मार्च 2019 मध्ये तिसऱ्या चक्रसाठी तीन अब्ज डॉलरहून मोठा करार झाला आणि ती 2025 पर्यंत येणार होती. ती मुदत पाळली गेली नाही. रशिया युद्धात अडकलाय हे सगळ्यांना दिसतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग नवी तारीख सरकारनं संसदेत सांगायला काय हरकत आहे?

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. पाणबुडीवर नवा आलेला पोरगा आधी प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पाइप हातानं शोधून पाठ करतो. दिवे गेले तरी अंधारात हवा तो व्हॉल्व्ह सापडला पाहिजे. परीक्षा होते, मगच छातीवर बिल्ला लागतो. डिझेलवर ही कथा, अणुभट्टीच्या शेजारी काम करणाऱ्याचं शिक्षण तर आणखी कितीतरी लांबचं. आणि 2022 पासून भरती होते ती अग्निपथची, चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं राहणार. पायदळासाठी ही योजना बरी की वाईट यावर आमच्याकडं निवृत्त सुभेदारांच्या पारावर रोज वाद होतो, त्यात मी पडत नाही. पाणबुडी शाखेला या हिशेबातून 2036 साठी तयार माणसं कशी मिळणार, एवढंच मला कळत नाही.

पाचवी तक्रार धंद्याची आहे. तिला स्वार्थ म्हणायचं तर खुशाल म्हणा. बेळगावात ओतकामाच्या फाउंड्री आहेत, हायड्रॉलिक्सची कामं पिढ्यान्‌पिढ्या होतात, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, घाटमाथ्यावरून थोडं वर गेलं की कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती. पाणबुडीच्या लढाईत जिंकणं म्हणजे आवाज न करणं, आणि आवाज न करणं हे शेवटी मशीनवरच्या कामावर ठरतं. गिअरच्या दात्याची घासणी, पंपाचा तोल, पंख्याच्या पात्याचा वळसा, सगळं मायक्रॉनमध्ये. 1980 च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीननं आणि नॉर्वेच्या काँग्सबर्गनं लेनिनग्राडच्या गोदीला संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं गुपचूप विकली. त्यावर घडवलेल्या पंख्यांमुळं सोव्हिएत पाणबुड्या ऐकू येईनाशा होतील, या धास्तीनं अमेरिका इतकी चिडली की 1987 मध्ये तिथल्या खासदारांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला. मिलिंग मशीनवरून एवढा गहजब झालेला दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही. आपल्याकडं वालचंदनगरच्या कारखान्यानं अरिहंतसाठी गिअरबॉक्स केले, म्हणजे हे काम आपल्या मुलखातल्या माणसांना जमत नाही असं नाही.

अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्कशॉपनं एका मोठ्या कंपनीमार्फत संरक्षण खात्याच्या कामाचे काही फ्लँज करून दिले. माल पास झाला, बिल अडकलं. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 पासून आहे. पण मधल्या कंपनीला वरून पैसे आले नाहीत की ती खाली सोडत नाही, आणि लहान माणूस कोर्टात गेला तर पुढची ऑर्डर जाते. मी ते काम सोडलं आणि पुन्हा ट्रॅक्टरचे भाग करायला लागलो. उद्यमबागेत असं करणारा मी एकटा नाही.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात डिझेल पाणबुडी बॅटरीवर असताना अणुपाणबुडीपेक्षा शांत असते, स्वस्त असते, आणि आपल्याला त्याही हव्याच आहेत. 1971 च्या 9 डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोरनं दीवजवळ आपली खुकरी बुडवली, ती डिझेल पाणबुडीच होती. सरकारनं सगळंच दुर्लक्षिलं असंही नाही. बुडालेल्या पाणबुडीतून माणसं काढणारी वाहनं 2018 मध्ये आली, जुलै 2025 मध्ये त्यांच्यासाठी आयएनएस निस्तार आली. आम्ही होतो तेव्हा आपल्याकडं अशी सोय नव्हती, म्हणून याची किंमत आम्हाला कळते. खर्चाचा प्रश्नही खराच आहे. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं टोमणा मारला, "उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि तुला पाणबुडी पाहिजे!" त्याला मी म्हणालो, पाणी महानगरपालिकेकडं मागू, ते पत्र तू लिही.

गुप्ततेचं कारण पुढं येईल, त्याचं उत्तर आधीच देतो. पाणबुडी किती खोल जाते, किती आवाज करते, कुठं फिरते, हे मला नको आहे. ब्रिटनमध्ये ॲस्ट्यूटला किती उशीर झाला आणि खर्च किती वाढला हे तिथलं लेखापरीक्षण कार्यालय छापून प्रसिद्ध करतं. व्हर्जिनिया वर्गाच्या रखडण्यावरचे अहवाल अमेरिकी काँग्रेसपुढं उघड ठेवले जातात. तेवढ्यानं त्यांच्या पाणबुड्या शत्रूला सापडल्या असं काही झालं नाही.

तर मागण्या अशा.

मान्यता मिळालेल्या दोन एसएसएनचे टप्पे, म्हणजे कवचाचं काम, भट्टी बसवणं, जलावतरण, सागरी चाचण्या, यांच्या अपेक्षित तारखा आपल्या समितीनं संरक्षण मंत्रालयाकडून लेखी घ्याव्यात आणि दर सहा महिन्यांनी प्रगती संसदेपुढं ठेवायला लावावी. तारीख चुकली तर कारणासकट.

उरलेल्या चार पाणबुड्यांचा निर्णय पहिलीचं काम चालू असतानाच व्हावा. पहिल्या दोन समुद्रात गेल्यावर फाइल उघडली तर चौथा खंड आत्ताच लिहून ठेवा.

तिसऱ्या चक्रची सुधारित तारीख जाहीर करावी. ती येणार नसेल तर तसं सांगावं, आणि मधल्या काळात अणुपाणबुडीचे नौसैनिक कुठं आणि कशावर तयार होणार हेही सांगावं.

पाणबुडी शाखेतल्या तांत्रिक नोकऱ्यांना चार वर्षांच्या मुदतीतून वगळावं. सीमाभागातल्या, मराठी असोत की कन्नड, आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांपर्यंत या शाखेची माहिती त्यांच्या भाषेत पोहोचवावी. पायदळाच्या भरतीला इथं हजारोंची रांग लागते. पाणबुडीतही नोकरी असते हे त्यातल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मोठ्या कंपन्यांना पाणबुडीचं काम देताना खालच्या लहान पुरवठादारांचे पैसे 45 दिवसांत चुकते केल्याचा दाखला पुढच्या हप्त्याच्या आधी मागावा, ही अट करारातच असावी. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या पट्ट्यातल्या वर्कशॉपची पाहणी करून कोण काय करू शकतं याची यादी नौदलानं स्वतः तयार करावी.

आपल्या समितीचे अभ्यासदौरे होत असतात. कारवारच्या नौदल तळाची पायाभरणी 1986 ची आणि तळ सुरू झाला 2005 मध्ये, तेव्हा उशिराचा अभ्यास करायला ती जागा चांगलीच आहे. तिकडं आलात तर घाट चढून एक दिवस उद्यमबागेला द्या. कामगारांची सुट्टी आमच्याकडं मंगळवार-बुधवारी नसते, त्या दिवशी आलात तर सगळी मशीनं चालू दिसतील.

आपला,
पाणबुडी शाखेतला एक निवृत्त नौसैनिक
उद्यमबाग, बेळगाव